जाताना 'येतो' म्हणणारी माणसं

सुरत स्टेशनवर भुसावळकडची पॅसेंजर सुटायच्या बेतात असली, की फलाटावर डोळे मिटून नुसतं ऐकत उभं राहावं. उधना, लिंबायत, डिंडोलीत स्थिरावलेली खानदेशी माणसं गावी निघालेली असतात. धुळे-जळगाव-नंदुरबारची मराठी, तिला अहिराणीचा ठसका, आणि खिडकीबाहेर उभे त्यांचे गुजराती शेजारी, मागावरचे सोबती. गाडीला हिसका बसतो. आतून आवाज येतो, "येतो हं!" बाहेरून उत्तर जातं, "आवजो!" गाडी निघाली आहे, धरलेले हात सुटले आहेत, माणसं शेकडो किलोमीटर लांब चालली आहेत, आणि त्या सगळ्या गलक्यात 'जाणे' हे क्रियापद कुठेच नाही. जाणारा येण्याबद्दल बोलतो आहे आणि राहणाराही येण्याबद्दलच.

माझी मावशी उधन्याला राहते, त्यामुळे हा फलाट मी लहानपणापासून पाहतो आहे. पण ही गोष्ट कानात शिरली ती फार उशिरा. एकदा शिरली, आणि मग जगातली माणसं निघताना काय म्हणतात, तेच म्हणावं असं त्यांना का वाटलं, याचा मला ध्यासच लागला. त्या शोधात युरोपभर भटकलो, अर्थात शब्दकोशांतून. आणि प्रत्येक वाट फिरून सुरतेलाच येऊन मिळाली. ते साहजिकच होतं. एके काळी पोर्तुगीज, इंग्रज, डच, फ्रेंच आणि आर्मेनियन अशा सगळ्यांनी या एका बंदरात एकमेकांचे निरोप घेतले आहेत.

आधी आपलं 'येतो' पाहू. हे अर्धंच वाक्य आहे. पूर्ण वाक्य 'जाऊन येतो'. त्यातला 'जाऊन' आपण गिळून टाकला. का गिळला ते घरोघरी ठाऊक आहे. 'गेला' हा शब्द मराठीनं मरणाला देऊन टाकलेला आहे. "आजोबा गेले" म्हटल्यावर "कुठे?" असं कोणी विचारत नाही. म्हणून उंबऱ्यावर उभं राहून "जातो" म्हणालेल्या पोराला आजी परत फिरवते, "जातो म्हणू नये, येतो म्हण." ज्या भाषेत बांगडी फुटली तरी 'वाढवली' म्हणतात आणि नारळ फोडतानाही 'वाढवतात', तिच्यात हे अगदी बसणारं आहे. बंगाली माणूसही निघताना "आशि" म्हणतो, म्हणजे 'येतो'. तमिळ माणूस मात्र काही गिळत नाही. तो "पोयिट्टु वरेन" असं सबंध म्हणतो, 'जाऊन येतो'.

गुजराती 'आवजो'ची तऱ्हा आणखी निराळी. मराठी निरोप स्वतःबद्दल बोलतो: मी येतो. गुजराती निरोप समोरच्याबद्दल बोलतो: तुम्ही या. त्या शेवटच्या 'जो'मध्ये आज्ञा आहे, पण ती आत्ताची आज्ञा नाही, पुढच्या कधीतरीची आहे. आर्जव आणि आशीर्वाद यांच्या मधली. गंमत अशी, की यजमान पाहुण्याला "आवजो" म्हणतो आणि जिना उतरणारा पाहुणाही यजमानाला "आवजो"च म्हणतो. आता तुम्ही आमच्याकडे या! एकाच शब्दाची देवाणघेवाण होते आणि कोणाकडेच बाकी राहत नाही. व्यापाऱ्यांच्या शहराला शोभेल असा हा निरोप आहे.

या शहरात शब्दांचे दोन मोठे जाणकार राहून गेले. मराठीचं व्याकरण १८३६ साली छापणारे दादोबा पांडुरंग तर्खडकर इथल्या शाळेत शिक्षक होते. गुजराती समाजसुधारक दुर्गाराम मेहताजींच्या सोबतीनं १८४४ मध्ये त्यांनी इथेच मानवधर्म सभा काढली. आणि सुरतेतच जन्मलेल्या कवी नर्मदनं एकट्याच्या जिद्दीवर गुजराती शब्दांचा गुजरातीतच अर्थ सांगणारा पहिला कोश रचला. तो 'नर्मकोश' १८७३ मध्ये पूर्ण होऊन बाहेर पडला. सभेहून घरी परतताना दादोबा "येतो" म्हणत असतील आणि दुर्गारामजी "आवजो" म्हणत असतील, असं चित्र मी मनाशी पुष्कळदा रंगवलं आहे. वर्तमानकाळाच्या रूपात भविष्यकाळ लपवणारं ते 'येतो' एका व्याकरणकाराच्याच तोंडी!

आता बंदराकडे जाऊ. तापीचं पात्र उथळ, मोठी गलबतं शहरापर्यंत येऊ शकत नसत. ती मुखाजवळ सुवाळीच्या किनाऱ्याला नांगर टाकत. इंग्रज त्याला 'स्वॉली' म्हणत. इंग्रज कप्तान विल्यम हॉकिन्स १६०८ च्या ऑगस्टमध्ये सुरतेला पोचला. १६१२ मध्ये याच पाण्यात इंग्रजांनी पोर्तुगीजांना हटवलं आणि पुढच्याच वर्षी इथे त्यांची वखार उभी राहिली. टॉमस रो हा राजदूत १६१५ मध्ये इंग्लंडहून निघाला, त्याला सुरत गाठायला सहा-सात महिने लागले. म्हणजे इथून घरी पत्र पाठवलं, तर उत्तर हाती पडायला दीड-दोन वर्षं. तेवढ्या काळात लिहिणारा किंवा वाचणारा, कोणीतरी एक नसण्याची शक्यता फार मोठी. अशा वेळी किनाऱ्यावरचा माणूस होडीतल्या माणसाला काय म्हणणार?

इंग्रज म्हणे 'देव तुझ्यासोबत असो'. गुडबाय म्हणजे नेमकं हेच वाक्य. 'गॉड बी विथ यी' हे चार शब्द जिभेवर घासत घासत 'गॉडब्वाय' झाले. १५७३ साली गेब्रिएल हार्वे या इंग्रज लेखकानं एका पत्रात हे झिजलेलं रूप वापरलं आहे. म्हणजे सुवाळीला पहिली इंग्रज गलबतं आली, तेव्हा हा शब्द अजून मुरत होता. शेक्सपिअरच्या नाटकांतही तो वेगवेगळ्या रूपांत दिसतो. पुढे 'गुड डे', 'गुड नाइट' यांच्या ओढीनं 'गॉड'चा 'गुड' झाला, देव शब्दातून बाहेर पडला आणि नुसतं चांगुलपण मागे राहिलं. आज इंग्रजी शाळेतलं पोर रिक्षातून हात हलवत "बाय" म्हणतं. त्या एका अक्षरात सापडलंच तर मूळच्या 'असो'चं आणि 'तुझ्या'चं अवशेषभर काहीतरी आहे. देव कधीच गळून गेला.

फ्रेंचांची वखार १६६८ मध्ये आली. त्यांच्या 'आद्यू'त देव अजून धडधडीत बसलेला आहे. 'आ' म्हणजे कडे, 'द्यू' म्हणजे देव; तुला देवाकडे सोपवतो. यातही क्रियापद गायब आहे, 'सोपवतो' हे ऐकणाऱ्यानं समजून घ्यायचं. स्पॅनिश 'आदिओस' तसंच, पोर्तुगीज 'आदेउश'ही तसंच. या शब्दांपाशी मी बराच वेळ थबकलो, कारण लॅटिन 'देउस' आणि आपला 'देव' ही एकाच मुळाची पोरं. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत पोर्तुगीजांचा 'आदेउस' निरोपाला राहिला आणि आभार मानायला कोकणीतलं 'देव बरें करूं' राहिलं. एकाच घरात, एकाच तोंडात दोन शब्द. एक लिस्बनहून समुद्रमार्गे आला, दुसरा इथल्याच मातीतला. आणि हजारो वर्षांपूर्वी कुठेतरी वेगळे झालेले ते भाऊ अनोळख्यासारखे पुन्हा एका छपराखाली नांदले.

दक्षिण फ्रान्समधल्या काही भागांत 'आद्यू' भेटतानाही म्हणतात. भेटीतही देवावर सोपवायचं आणि निघतानाही. उरलेल्या फ्रान्सनं मात्र हा शब्द फार जपून वापरायला सुरुवात केली. आता तिथे 'आद्यू' म्हटलं, की ऐकणारा चरकतो. म्हणजे आपण पुन्हा भेटणारच नाही का? उत्तर जर्मनीच्या बंदरांत खलाशांच्या तोंडून हाच शब्द 'आद्युस', 'आत्च्युस' असा घरंगळत गेला आणि आज जर्मनीभर दुकानात सुटे पैसे परत घेताना लोक 'च्युस' म्हणतात. म्हणणाऱ्याच्या मनात देवाचा विचारही नसतो. देवाचं नाव एवढं लहान होऊन, खिशातल्या नाण्यासारखं गुळगुळीत होऊन फिरतं आहे.

सुरतेच्या बाजूनं पाहिलं तर याच अर्थाचा निरोप इंग्रज गलबतं येण्याआधीपासून इथल्या किनाऱ्यावर ऐकू येत होता. मक्केला जाणारे यात्रेकरू सुरतेहून निघत, म्हणून या शहराला 'मक्केचा दरवाजा' म्हणत. तापीकाठचा मक्काई पूल अजून त्या नावानं ओळखला जातो. यात्रेकरूंच्या आणि व्यापाऱ्यांच्या मुक्कामासाठी शाहजहानच्या काळात बांधलेल्या मुघलसराईत आज सुरत महानगरपालिकेचं मुख्यालय आहे. त्या यात्रेकरूंना मागे राहणारे "खुदा हाफिज" म्हणत असतील: देव तुझा राखणदार. इंग्रजाचा देव सोबत चालतो, फ्रेंचाच्या देवाकडे माणूस ठेव म्हणून सोपवला जातो, आणि फारसीतला देव पहारा देतो. काम एकच, फक्त हुद्दे निरनिराळे.

पण सगळ्यांनीच देवाला हाक मारली असं नाही. काहींनी वाटेलाच शुभेच्छा दिल्या. इंग्रजीतल्या 'फेअरवेल'मधला 'फेअर' म्हणजे प्रवास करणं. बसचं भाडं म्हणून तिकिटावर छापलेला 'फेअर' हाच. 'वेलफेअर'मध्ये तोच उलटा होऊन बसला आहे. कल्याण म्हणजे नीट पार पडलेला प्रवास. याच मुळाशी लॅटिनमधला बंदर या अर्थाचा 'पोर्तुस' जोडलेला आहे आणि आपला 'पार'सुद्धा. नदी पार करणं, संकटातून पार पडणं, समुद्रापार जाणं. निरोप समारंभाच्या फलकावर खडूनं 'फेअरवेल' लिहिणाऱ्या विद्यार्थ्याच्या हातून नकळत 'पार पडो' असं लिहिलं जातं, हे कळल्यापासून मला ते फलक वेगळेच दिसू लागले आहेत.

डचांकडे हाच शब्द 'फारवेल' असा आहे, आणि त्यांच्या भाषेत 'फारन' म्हणजे आज प्रामुख्यानं जलप्रवास करणं. दर्यावर्दी लोकांनी साध्या प्रवासाचा शब्द पाण्यावर नेला! सुरतेत या शब्दाला एक चेहरा आहे. हेन्ड्रिक फान रेडे हा कोचीनचा डच अधिकारी. त्यानं मलबारातल्या शेकडो वनस्पतींची चित्रं काढून घेतली, त्यांची स्थानिक नावं गोळा केली आणि 'हॉर्तुस मलबारिकुस' हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. त्यासाठी मदत करणाऱ्यांत रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट हे कोकणी वैद्य होते. त्यांची ग्वाही देवनागरी अक्षरांतल्या कोकणीत त्या ग्रंथात छापलेली आहे. १६९१ मध्ये फान रेडे कोचीनहून सुरतेला गलबतानं निघाला आणि डिसेंबरात वाटेतच मुंबईजवळच्या समुद्रात वारला. सुरतेला पोचला तो त्याचा देह. डच दफनभूमीत त्याची कमानी-घुमटांची भव्य कबर आहे, आणि ग्रंथाचा शेवटचा खंड त्याच्या पश्चात १६९३ मध्ये निघाला. 'नीट गलबत हाकार' हा निरोप ज्याला नक्की मिळाला असेल, त्याचाच प्रवास पाण्यावर संपला.

वेल्श माणसं निघताना 'हुइल' म्हणतात. या शब्दाचा एक अर्थ आहे शीड. त्याचाच दुसरा अर्थ उल्हास, आनंदी वृत्ती. शिडात वारा भरणं आणि मनात उमेद भरणं त्यांना एकच वाटलं असावं. सुवाळीच्या किनाऱ्यावर संध्याकाळी उभं राहिलं, की मला हा शब्द आठवतो. आता तिथून समोर हजिऱ्याच्या बंदरातली जहाजं दिसतात, शीड एकही नाही.

बंदरावरचे हे शब्द राहणाऱ्यानं जाणाऱ्याला दिलेले. आता जाणाऱ्याची बाजू. जाणारा काय करतो? परवानगी मागतो. इथे मला या सगळ्या शोधातला सर्वात मोठा आनंद झाला, म्हणून जरा सविस्तर सांगतो. इंग्रजीत निरोप घेणं म्हणजे 'टेक लीव्ह'. यातला 'लीव्ह' हा 'सोडून जाणं' या अर्थाचा 'लीव्ह' नव्हे. दोन्हींचं मूळ वेगवेगळं आहे. हा 'लीव्ह' म्हणजे अनुज्ञा. फ्रेंचमध्ये निरोप घेण्याला 'काँजे' घेणं म्हणतात. ते लॅटिन 'कोमेआतुस'पासून आलं, म्हणजे जाण्याची परवानगी. आणि आपण? आपण 'रजा' घेतो. ती अरबीतून फारसीमार्गे आली, मूळ अर्थ राजीखुशी, संमती. गुजरातीत तर निघताना "रजा लऊं?" असं अजूनही विचारतात. तीन भाषा, तीन निराळी मुळं, अर्थ एक. नवल इथे संपत नाही. कचेरीत अर्ज देऊन घेतात ती सुट्टी इंग्रजीत 'लीव्ह', फ्रेंचमध्ये 'काँजे', मराठीत 'रजा'! तिन्ही भाषांनी एकमेकींना न विचारता परवानगीच्या शब्दातून आधी निरोप काढला आणि मग सुट्टी काढली.

खुद्द 'निरोप'ही याच पंगतीतला. जुन्या मराठीत निरोप म्हणजे आज्ञा, अनुज्ञा. म्हणून आपण निरोप 'घेतो', आणि राहणारा तो 'देतो'. त्याच शब्दाचा दुसरा अर्थ सांगावा. "आईचा निरोप आहे" म्हणजे आईनं काही सांगून पाठवलं आहे. जाणाऱ्याच्या हाती परवानगीही द्यायची आणि पुढच्यासाठी चार शब्दही. जुनी मराठी माणसं नुसती मोकळ्या हातानं कोणाला पाठवतच नव्हती. हातावर दही-साखर, ओठांवर सांगावा.

परवानगी मागायची, तर नम्र व्हायला हवं. व्हेनिसचे लोक निरोपाला 'तुमचा दास' म्हणत. 'स्क्यावो' म्हणजे गुलाम. तो शब्द व्हेनिसच्या बोलीत घासून 'चाओ' झाला, आणि आज जगभरातले तरुण कॉफीच्या टेबलावरून उठताना तो म्हणतात. ऑस्ट्रियात आणि बव्हेरियात 'सेर्वुस' म्हणतात, तो लॅटिनमधला दासच. हे ऐकून हसू येण्याआधी आपली पत्रं आठवावीत. 'आपला आज्ञांकित', 'आपला नम्र' असं आपणही शाळेत लिहायला शिकलो. सुरतेच्या वखारीतून लंडनला जाणाऱ्या पत्रांखालीही तोच नम्र सेवक सही करी. मराठी पत्राचा शेवट मला या सगळ्यांहून सरस वाटतो: 'कळावे, लोभ असावा.' यात दास्य नाही, देव नाही, परतीचं वचनही नाही. प्रेम राहू दे, एवढंच मागणं. आणि शिवकालीन पत्रांतलं 'बहुत काय लिहिणे' तर निरोपाचा शब्द न वापरताच केलेला निरोप. बोलणं संपलं नाही, पण तुम्ही जाणते आहात.

एक गोष्ट माझ्या मनात हळूहळू पक्की होत गेली. निरोपाचे शब्द हे मोडक्या वाक्यांचे तुकडे असतात. 'येतो'तून 'जाऊन' गेलं, 'आद्यू'तून 'सोपवतो' गेलं, 'चाओ'तून 'मी तुमचा' गेलं, 'बाय'मधून तर जवळजवळ सगळंच गेलं. निघताना गळा दाटतो, वेळ नसतो, गाडी हललेली असते. अशा क्षणी पूर्ण वाक्य कोण म्हणणार? आणि ज्या शब्दांत जाणं उघडपणे उरलं, ते रोजच्या वापरातून उठले. इंग्रज दुकानदाराला 'फेअरवेल' म्हणत नाही, डच शेजाऱ्याला 'फारवेल' म्हणत नाही, आपणही फाटकाशी उभं राहून कोणाला 'निरोप घेतो' म्हणत नाही. ते शब्द समारंभाला, भाषणाला, शेवटच्या भेटीला ठेवले. रोजच्या जाण्याला रोज नजर भिडवणं कोणत्याच भाषेला जमलेलं दिसत नाही.

म्हणून मग युरोपातल्या बहुतेक भाषांनी नजरेचाच शब्द केला: पुन्हा दिसेपर्यंत. फ्रेंच 'ओ रव्वार', इटालियन 'आरिवेदेर्ची', जर्मन 'आउफ वीडरझेन', डच 'टॉट झीन्स', पोलिश 'दो विद्झेनिया', रशियन 'दा स्विदानिया'. सगळ्यांत 'पाहणं' आहे. फिनिश आणि हंगेरियन या भाषांचं तर कूळही निराळं, तरी त्यांच्या निरोपात तेच. इथे शब्द गेला नाही, कल्पना गेली. प्रत्येकानं ती आपल्या सुतात विणली. सुरतेत कतारगाम दरवाजाजवळ इंग्रज आणि डच कबरींच्या शेजारी आर्मेनियन व्यापाऱ्यांच्याही कबरी आहेत, लिपी न वाचता येणाऱ्या माणसालाही थांबवतील अशा अक्षरांच्या. त्यांचा 'त्सतेसुत्यून' म्हणजेही 'दिसेपर्यंत'. जर्मन माणसं फोन ठेवताना 'वीडरझेन' न म्हणता 'आउफ वीडरहोरन' म्हणू शकतात, पुन्हा ऐकू येईपर्यंत. फोनवर दिसत नाही ना! या काटेकोरपणाचं मला मनापासून प्रेम वाटतं.

आपल्याकडे 'पुन्हा दिसेपर्यंत'चं सर्वात मोठं रूप म्हणजे गणपतीचं विसर्जन. उत्तरपूजेत देवाला जायला सांगतानाच परत येण्यासाठी जा असं सांगितलेलं असतं. सुरतेतही गणपती दणक्यात होतो. लहान मूर्ती पालिकेच्या कृत्रिम तलावांत, मोठ्या हजिऱ्याच्या समुद्राकडे. ज्या खाडीमुखाशी 'गॉडब्वाय' आणि 'फारवेल' म्हटलं गेलं, त्याच पाण्याच्या दिशेनं ट्रक जातात आणि त्यांच्यावरून मराठी-गुजराती-हिंदी मिसळलेला कल्लोळ उठतो: पुढच्या वर्षी लवकर या. देवावर माणसं सोपवणारे निरोप इथे उलटे होतात. इथे देवालाच सांभाळून पाठवतात.

ग्रीक लोक भेटताना आणि निघताना 'या सू' म्हणतात. त्यांचा 'या' म्हणजे आरोग्य. 'हायजीन' या शब्दाचं मूळ तेच. आपल्या "येतो"ला मिळणारं "या" हे उत्तर आणि ग्रीकांचं 'या' यांचा काही संबंध नाही, निव्वळ योगायोग. पण अथेन्सच्या एखाद्या गल्लीत मराठी कानाला दाराशी सतत "या, या" ऐकू येत असेल, तर केवढं बरं वाटत असेल! आयरिश भाषेत 'स्लॉन' म्हणजे सुखरूप. त्यांच्यात जाणाऱ्याला म्हणायचं निराळं आणि राहणाऱ्याला म्हणायचं निराळं. जाणाऱ्याची सुखरूपता त्याच्यासोबत चालते, राहणाऱ्याची त्याच्यापाशी थांबते. आपल्याही 'येतो' आणि 'या' या जोडीत हाच भेद आहे.

रशियन लोकांचा कायमच्या निरोपाचा शब्द 'प्रश्चाय'. त्याचा अर्थ आहे क्षमा कर. आपणही मोठ्या प्रवासाला निघताना हात जोडतो, "काही चुकलंमाकलं असेल तर पोटात घाला." रशियानं त्यालाच निरोप म्हटलं. हा शब्द आठवला, की मला अफनासी निकितिन आठवतो. त्वेरचा हा व्यापारी पंधराव्या शतकात चौलला उतरला, जुन्नरला पावसाळाभर अडकला, बिदरला राहिला आणि दाभोळहून परतीच्या गलबतात चढला. परतीची बहुतेक वाट कापली, पण गाव गाठण्याआधी स्मोलेन्स्कच्या अलीकडे वारला. त्याच्या प्रवासवर्णनाचा शेवट रशियन अक्षरांत लिहिलेल्या, पण अरबी, फारसी आणि तुर्की शब्द मिसळलेल्या प्रार्थनेनं होतो. परक्या मुलखातून निघताना तिथल्या भाषा त्याच्या तोंडात राहून गेल्या होत्या.

आणि 'टाटा'? एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून इंग्रजीत सापडणारा हा लहान मुलांचा बोबडा शब्द. ब्रिटनमध्ये तो आता क्वचित ऐकू येतो, आपल्याकडे मात्र अंगणवाडीपासून ट्रकच्या मागच्या फळीपर्यंत पोचला. त्याच नावाचं घराणं सुरतेशेजारच्या नवसारीचं. जमशेटजी टाटांचा जन्म १८३९ साली तिथे झाला. महामार्गावर पुढचा ट्रक दूर जाताना त्याच्या पाठीवर 'टाटा' दिसतं, ते नाव आहे की निरोप, हे प्रत्येक मराठी मुलानं एकदा तरी कोणाला विचारलेलं असतं.

गेल्या हिवाळ्यात मी पुन्हा कतारगाम दरवाजाच्या दफनभूमीत गेलो. इंग्रजांनी आणि डचांनी इथे एकमेकांशी चढाओढ करत मुघली घुमटांच्या कबरी बांधल्या. त्यांत पटकन नजरेत भरते ती ऑक्झेन्डन बंधूंची. जॉर्ज ऑक्झेन्डन म्हणजे १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सुरत लुटली तेव्हाचा वखारीचा प्रमुख. तो १६६९ मध्ये वारला. त्याचा भाऊ ख्रिस्तोफर त्याच्या दहा वर्षं आधी, १६५९ मध्ये. ख्रिस्तोफरच्या लॅटिन मृत्युलेखाचा मजकूर मी फार पूर्वी वाचला होता. तो हिशेबाच्या वहीच्या भाषेत आहे. या माणसाला आपल्या खात्यात वर्षं मांडता आली नाहीत, फक्त दिवस मांडता आले. मृत्यूनं अचानक हिशेब मागितला. मालकांनी एक चाकर गमावला, आम्ही एक सोबती गमावला, त्यानं जीव गमावला, आणि पलीकडच्या रकान्यात त्याचा नफा. त्याच लेखात एक छोटीशी ओळ आहे, तिचा अर्थ: आला आणि गेला.

इतक्या भाषा फिरून आल्यावर हे पहिलंच ठिकाण होतं, जिथे कोणी 'गेला' असं सरळ म्हटलं होतं. ते म्हणायला दगड लागला आणि मेलेली भाषा लागली.

ऊन उतरलं होतं. घुमटाच्या कोनाड्यात पारवे परतत होते. फाटकाशी राखणदार स्टुलावर बसून बिडी शिलगावत होता. मी चपला घातल्या आणि सवयीनं म्हणालो, "बरं, येतो."

त्यानं मान वर केली, बिडी दुसऱ्या हातात घेतली, आणि कबरस्तानाच्या दारात बसून मला म्हणाला, "आवजो."